धावपट्टीवरचे खडे

सकाळी फिरताना मी वाकून रस्त्यावरचा खडा उचलला आणि खिशात टाकला. बायको हसली, "अहो, इथे कुठे विमान उडणार आहे?"

हवाई दलात मी लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करायचो. उड्डाणाआधी आम्ही सगळे ओळीने चालत धावपट्टीवरचे खडे वेचायचो, कारण एवढासा खडा आत ओढला गेला तरी इंजिनाची पाती मोडतात. आकाश आम्ही मान खाली घालूनच जिंकलं!

तेवढ्यात डोक्यावरून एक लढाऊ विमान गर्जत गेलं. इंजिनाचा आवाज खणखणीत होता. माझी छाती फुगली. आजही कुणीतरी नीट वेचलं होतं.

खाली पाहिलं, तर बायको वाकलेली. तिने माझ्या तळहातावर खडा ठेवला.

"हा राहिला होता तुमचा."