हिरामणची पेन्सिल

पनवेलीत हिरामण फोटोग्राफरला नावं ठेवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मी ठेवतो. त्याच्या स्टुडिओला लागूनच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. वीस वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायलो, आणि जे सांगणार आहे त्यात मीही आहे, म्हणून तेवढा हक्क मला आहे.

हिरामण करंजाड्याचा, आगरी. भातशेती सोडून कॅमेऱ्यामागे लागला तेव्हा घरच्यांनी वेड्यात काढलं, पण गड्याचा हात खरंच चांगला होता. फोटो काढणं हे त्याचं अर्धं काम. उरलेलं अर्धं शिसपेन्सिलीचं. काचेची निगेटिव्ह खिडकीशी उजेडात धरायची आणि बारीक टोकानं सुरकुत्या, वण, डाग बुजवत बसायचं. कागदावर फोटो उतरला की देवीचे वण असलेली पोरगीही लोण्यासारखी दिसायची. आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरी त्याच्या पेन्सिलीनं उजवल्या. पुढे सासरी त्यांचं काय झालं, ते त्यानं कधी विचारलं नाही.

सत्तावन्न साली त्याला गुप्तेसाहेब भेटले. बंदरखात्यातून निवृत्त होऊन त्यांनी पनवेलीत बंगला बांधला होता, आणि नाद जुन्या यंत्रांचा. दुर्बिणी, होकायंत्रं, सोनाराचे काटे, सगळं काचेच्या कपाटांत. प्रत्येक यंत्राचा फोटो एका जाड वहीत चिकटवायचा आणि खाली त्याचं माप, साल, अवस्था लिहायची, असा त्यांचा बेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. वस्तूपेक्षा वहीच त्यांना जास्त नीट दिसायची, कारण ती भिंगाखाली धरता येई.

बंगल्यावर झाडलोटीला हिरामणनंच आपली आतेबहीण बायजा लावून दिली होती. नवरा वारलेला, पदरात नऊ वर्षांची गोजरा. मागच्या आवारातली एक खोली मायलेकींना राहायला मिळाली होती. त्या खोलीशिवाय त्यांना जगात दुसरं छप्पर नव्हतं.

एक दिवस सेक्स्टंटचा फोटो काढायचा होता. जहाजावरून सूर्याची उंची मोजायचं हे पितळी यंत्र, शंभर वर्षांपूर्वीचं, आदल्याच दिवशी लिलावातून आलेलं. साहेबांनी बजावलं, "हिरामण, आहे तसा हवा. एक ओरखडासुद्धा कमी नको." हिरामण म्हणाला, "व्हय साहेब." पितळ चकाकू नये म्हणून त्यानं त्यावर तोंडाला लावायची पावडर फासली. बायजा यंत्र धरून उभी होती. आकडे कोरलेल्या कमानीवर तिच्या बोटाला काहीतरी लागलं.

"दादा, हितं खाच हाय रं."

"असू दे. काडून टाकीन."

आणि काढली. संध्याकाळी माझ्यासमोर निगेटिव्ह खिडकीशी धरून त्यानं ती खाच पेन्सिलीनं बुजवली. मी म्हटलं, "अरे, साहेब नको म्हणाले ना?"

तो हसला. "नवरीचा बापबी नकोच म्हनतो. फोटो हातात आला का खूश होतो."

त्यात लबाडी नव्हती. डाग दिसला की त्याचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. साहेब खूश झाले आणि त्यांनी फोटोखाली लिहिलं, 'अवस्था: निर्दोष'.

दोन वर्षांनी मुंबईहून साहेबांचे एक मित्र आले. तेही याच नादातले. त्यांनी सेक्स्टंट हातात घेतला, कमानीवरून बोट फिरवलं आणि ही खाच कसली म्हणून विचारलं. साहेबांनी वही काढली, भिंग लावलं. फोटोत खाच नव्हती. म्हणजे नंतर पडली. मग कपाटात रोज हात कोणाचा जातो?

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला, खाच दुरुस्त होईल का ते बघायला. हिरामणला, साक्षीला. बायजा व्हरांड्याच्या पायरीखाली उभी होती. साहेबांनी तिच्या हातात फोटो दिला, वर भिंगही दिलं.

"दाखव. कुठे आहे यात खाच?"

तिनं भिंग तसंच धरून ठेवलं आणि फोटोवरून बोट फिरवलं, जसं पितळेवरून रोज फिरवायची तसं. कागद गुळगुळीत होता.

"ती पयल्यापासून हाय, साहेब. दादाला ठावं हाय. तो बोललेला, काडून टाकीन."

साहेबांनी हिरामणकडे पाहिलं. "फोटोत काही केलं होतंस का?"

हिरामणनं बायजाकडे पाहिलं नाही. "नाय साहेब. हाय तसा काडला." आणि एवढ्यावर थांबला नाही. "पितलंची खाच काडायला मी काय तांबट हाय?"

साहेब हसले. मीही हसलो. त्या खाचेवर पेन्सिल फिरताना मी या डोळ्यांनी पाहिली होती, आणि मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते असं. साहेब ओरडले नाहीत, पोलिसांत गेले नाहीत. खोटं बोलणारी बाई घरात नको, एवढंच म्हणाले, आणि दिवेलागणीच्या आत खोली मोकळी करायला सांगितली.

परत येताना मी हिरामणला विचारलं, "असं का केलंस?"

"आजून सव्वीस यंत्रांचं फोटो बाकी हायत," तो म्हणाला. "तिला काय, कुटंबी काम मिलंल."

मिळालं. खाडीकाठच्या मिठागरावर. दिवसभर खारात उभं राहून तिच्या तळव्यांना चिरा पडल्या. राहायला पेंढ्याची खोपी. तिसऱ्या महिन्यात खोपीत रॉकेलची चिमणी कलंडली आणि गोजराचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. हिरामण बघायला गेला नाही. मीही गेलो नाही. त्या आठवड्यात त्यानं बंगल्यावर दोन दुर्बिणींचे फोटो काढले.

सहासष्ट साली बायजा गोजराला घेऊन स्टुडिओत आली. मी तेव्हा तिथलं भिंतीवरचं घड्याळ उतरवत होतो. गोजराला महाप्याचं स्थळ आलं होतं आणि मुलाकडच्यांना आधी फोटो हवा होता. इतक्या वर्षांत बायजानं या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं, पण पोरीच्या लग्नापुढे कसला मान आणि कसला अपमान.

हिरामण तिला बघून गडबडला. स्टूल पुसलं, गोजराला बसवलं, तिचा उजवा गाल पुढे करून दिला. मग बायजाला म्हणाला, "तू कालजी करू नको. दुसरा गालबी असा साफ करतो का डाग दिसनारच नाय." बोलता बोलता त्यानं सवयीनं पेन्सिल हातात घेतली होती. मला वाटतं, केलेल्या पापाची भरपाई करायची संधी आली असं त्याला खरंच वाटत होतं.

बायजा उठली. तिनं पोरीची हनुवटी धरून तोंड वळवलं आणि भाजलेला गाल कॅमेऱ्यासमोर आणला.

"हाय तसा काड," ती म्हणाली. "नायतर उद्या सासरचे म्हनतील, फोटोत डाग नव्हता, हिनंच पाडला."

हिरामणनं पेन्सिल खणात टाकली आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. बराच वेळ त्यानं ते बाहेर काढलं नाही.

त्या निगेटिव्हला त्यानं हात लावला नाही. हाय तसा म्हणावा असा माणसाचा फोटो त्यानं जन्मात तेवढा एकच काढला. महाप्याच्या लोकांनी तो आठव्या दिवशी परत पाठवला.