तीनदा विचारायचं

टाकवे बुद्रुकच्या आमच्या तालमीत एक मोठा दगडी गोटा होता. आधी गुडघ्यावर, तिथून छातीवर आणि मग खांद्यावर, असा तो उचलायचा. उचलणाऱ्याच्या मागं एक जण उभा राही. गडी डगमगला, तर त्याच्या कोपरांखाली हात घालून भार घेई. याला आम्ही पाठीला उभं राहणं म्हणत असू. पण न विचारता अंगाला हात लावणं म्हणजे त्या गड्याचा अपमान. म्हणून विचारायचं, आणि तेही तीनदा. पहिले दोन नकार माणूस ताठ्यानं देतो, तिसराच काय तो खरा धरायचा, असं वस्ताद सांगत. तिसऱ्या नकारानंतर मात्र हात मागं बांधून उभं राहायचं, मग काहीही होवो.

माझा जोडीदार माझ्याच वयाचा, पंचविशीचा शेतकरी गडी. मी लोणावळ्याला रेल्वेत कारकुनी करायचो आणि सुट्टीला कान्हे स्टेशनात उतरून चालत गावी यायचो. एका सुट्टीला त्यानं सगळ्या तालमीसमोर माझे तळवे उलटेपालटे करून बघितले.

“लोण्यावानी झाल्यात की रं! ह्यांनी टाक धर, गोटा न्हाई.”

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळत होतो. मी मुळातच डूख धरणारा माणूस. माझा राग शिळा झाला की जास्त चढतो.

पुढच्या सुट्टीला सकाळी तालमीत आम्ही दोघंच होतो. तो गोट्याशी वाकला. मी विचारलं, “पाठीला येऊ?”

“नगं,” तो हसत म्हणाला.

मी हात मागं बांधले. दुसऱ्यांदा विचारलं नाही. गोटा छातीवर चढला तेव्हा त्याचा डावा गुडघा थरथरायला लागला. मला तो स्पष्ट दिसत होता. पडू दे की जरा लोण्याच्या हातांची गरज, असं मनात आलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तेवढ्यात तो गोट्यासकट मागं कोसळला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

वस्तादांनी मला एकच प्रश्न केला. “तीनदा इचारलंस?”

“व्हय,” मी म्हणालो.

“मग तुजा दोष न्हाई.”

गावानंही तसंच मानलं. त्याच्या आईनं तर दर सुट्टीला मला घरी बोलावून जेवू घातलं. घास गिळता गिळवत नसे.

दोन वर्षं गोट्याला कुणी शिवलं नाही. मग वस्तादांचा निरोप आला: पोरं गोट्याला भितात, तू त्या गेलेल्या गड्याचा जोडीदार, तू एकदा उचललास की भीती जाईल. चारचौघांत फजिती नको म्हणून मी आदल्या दुपारी एकटाच तालमीत गेलो. श्रावण होता. धुकं दाराला येऊन टेकलं होतं आणि भर दुपारी आत दिवेलागणीसारखा अंधार होता. मी आतून कडी घातली, दाराकडं तोंड करून वाकलो आणि गोटा छातीपर्यंत आणला.

“पाठीला येऊ?” मागून कुणीतरी विचारलं.

आवाज दबका होता, अगदी कानाशी. समोर दाराची कडी घातलेलीच दिसत होती. छातीवर भार असताना वळून बघता येत नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

“नगं,” मी म्हणालो.

मागं कुस्तीच्या हौदातल्या लाल मातीत पाऊल रुतल्यासारखं वाजलं.

“पाठीला येऊ?”

“नगं रं बाबा!”

माझा डावा गुडघा थरथरायला लागला. मागं सगळं शांत झालं. आता हा विचारणार नाही, असं वाटलं आणि त्या शांततेला मी आवाजापेक्षा जास्त भ्यायलो. त्या सकाळी त्यालाही माझ्याकडून एवढंच ऐकू आलं असणार.

मग सावकाश आलं, “पाठीला येऊ?”

“ये,” मी रडतच म्हणालो.

दोन हात माझ्या कोपरांखाली आले. गार होते, आणि नांगर धरणाऱ्या माणसाचे असतात तसे खरखरीत. भार हलका झाला. गोटा खांद्यावर गेला आणि तितक्याच सांभाळून खाली उतरला. मी वळलो, तर कुणी नव्हतं. माझ्या दोन्ही कोपरांना हौदातली लाल माती लागली होती.

मी वस्तादांकडं गेलो नाही, थेट त्याच्या आईकडं गेलो. ती चुलीपाशी बसली होती.

“जेवतोस का रं?”

“नगं.”

“दोन घास खा की.”

“नगं, मावशी,” मी म्हणालो, आणि त्या सकाळी मी किती वेळा विचारलं होतं ते तिला सांगितलं.

तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही.