आईने रफू केलेला टॉप

परत तेच, काका! मी बहिणीला बिघडवतोय म्हणे. बिघडवतोय तर बिघडवतोय.

मित्रांनो, मी नववी नापास. शारजात जुन्या कपड्यांच्या गोदामात माल निवडतो. तिथे एक टॉप सापडला, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. लेबल नेटवर शोधलं, तर लोकांना चिडवायलाच कपडे बनवणाऱ्या एका विलायती डिझायनर बाईचा निघाला. मुद्दाम फाडलेला, भोकांना सेफ्टीपिना. शेठकडून विकत घेतला आणि विठ्ठलवाडीला पल्लवीला पाठवला. माझी बहीण ती. जीन्सच्या कारखान्यात शिवते, तिला फॅशन डिझाइनचा कोर्स करायचाय.

आज नौपाड्यात काकांच्या मुलीचा साखरपुडा होता. आईने लाज वाटून कालच सगळी भोकं रफू करून टाकली, इतकी बारीक की दिसणारही नाहीत. पल्लवीने आज सकाळी बसून एकेक टाका उसवला आणि तोच टॉप घालून गेली.

काका सगळ्यांसमोर ओरडले, "फाटकं घालून आलीस? आमची अब्रू घालवायला?"

ही म्हणाली, "काका, तुमच्या जावयाची जीन्स बघा ना. दोन्ही गुडघे बाहेर आलेत."

झालं! कोर्सची अर्धी फी काका देणार होते, ती आता देणार नाहीत. आईला म्हणाले, "पोरीचं लग्न बघा."

नका देऊ. तुम्हीच सांगा रे, जावयाचं फाटकं चालतं, मग पुतणीचं का नाही?

पल्लू, उद्याच ॲडमिशन घे. काकांचा वाटा धरून पूर्ण फी आत्ता पाठवतोय, अठ्ठेचाळीस हजार.