मामांनी बोलायचं नाही

नाशिक शहरातले आम्ही लोक पुण्याच्या जवळपासचं मराठी बोलतो. ‘जवळपासचं’ हा शब्द पुण्याच्या पाहुण्यांचा. ते तो दिलासा दिल्यासारखा वापरतात. मग आम्हीही तोच दिलासा पुढे सायखेड्याला, सटाण्याला आणि पेठला पोचवतो. नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होतो, तिथे ही सगळी गावं एकाच कँटीनमध्ये जेवायला बसत. सटाण्याकडचा कुणी ‘काय शे?’ म्हणाला की सायखेड्याचा हसे, सायखेड्याचा ‘लय भारी हे’ म्हणाला की मी हसे, आणि मी कशाला हसतोय म्हणून सगळे हसत.

सायखेड्याचा हा मित्र माझ्या शेजारच्या लेथ मशीनवर होता. वडील लहानपणीच गेलेले, मामांनी वाढवलेला. त्याला एक स्थळ आलं ते आमच्या स्टोअरकीपरच्या नात्यातलं, नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या कॉलनीतलं. मुलगी बालवाडीत शिकवायची. तिचा फोटो मित्राने इतक्यांदा पाहिला होता की त्याला तेलकट बोटांचे ठसे पडले होते.

“पण तिचा बाप लय शुद्ध बोलतो म्हणे,” तो म्हणाला. “आपण तोंड उघडलं की झालं.”

मग कँटीनमध्ये तालीम सुरू झाली. मी मुलीचा बाप.

“आपले छंद?”

“वाचन आणि प्रवास.”

“प्रवास कुठला?”

“सायखेडा ते सातपूर.”

तालीम जमत आली, तरी मामांचा प्रश्न राहिला. मामांचा आवाज गोदावरीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला खत कुठलं टाकलं ते विचारण्यासाठी घडलेला होता. बोली तर अस्सल. मित्राने त्यांना सरळ सांगितलं, “मामा, तुम्ही फक्त हसा. बोलणं हा भाऊ करील.” भाऊ म्हणजे मी. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

रविवारी आम्ही गेलो. मुलीच्या वडिलांनी दारातच “आसनस्थ व्हा” म्हटलं, त्यामुळे बसायला आम्हाला जरा वेळच लागला. पोहे आले. मुलगी आली, खाली मान घालून बसली, पण मध्येच मान वर करून तिने मित्राकडे नीट पाहून घेतलं. आता रीत अशी, की मुलाकडची बोलणी मोठ्या माणसाने सुरू करायची. मुलीला पहिला प्रश्न त्यानेच विचारायचा. सगळे मामांकडे बघू लागले. मामा हसले.

“मामासाहेब, यंदा द्राक्षांचे कसे काय?” मुलीच्या वडिलांनी मदत केली.

द्राक्षांवर मामा एरवी जेवण विसरून बोलत. त्यांचा गळा वरखाली झाला. त्यांनी भाच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसले. भाचा म्हणाला, “द्राक्षांचे उत्पादन यंदा समाधानकारक आहे.” आकाशवाणीवर बाजारभाव सांगतात, त्याच आवाजात. मग मी वाचनाबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो, पोह्यांबद्दल दोनदा बोललो. मामांनी चहा संपवला, उपरणं झटकलं आणि हात जोडून उठले.

मंगळवारी स्टोअरकीपर मशीनपाशी आला. “ते नाही म्हणतायत. मामांना मुलगी पसंत नाही म्हणे. एक अक्षर बोलले नाहीत. ज्याने वाढवलं त्याच्या मनाविरुद्ध मुलगी कशी द्यायची?”

मित्राने लेथ बंद केला. कँटीनमध्ये त्या दिवशी त्याला कुणी हसलं नाही, सटाण्याचासुद्धा.

त्या संध्याकाळी आम्ही मोटरसायकलवरून सायखेड्याला गेलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “मी बोललो तर मोडंल म्हणून गप बसलो, तर गप बसलो म्हणून मोडलं. आता बोलूनच मोडू दे.”

पुढच्या रविवारी मामा द्राक्षांची पाटी घेऊन द्वारकेला निघाले, आणि आम्ही दोघे मागून. या वेळी गप्प बसायचं काम आमच्याकडे होतं. दारातूनच मामांनी आवाज दिला, “ओ पाव्हणं! पोरगी मला लय पसंत हे! ह्या पोरानं सांगितलं व्हतं, मामा तोंड उघडू नका, म्हणून गप बसलो. त्याला वाटलं, तुमी हसाल आमच्या बोलण्याला. हसा की! त्यात काय जातंय?”

समोरच्या बिल्डिंगच्या दोन गॅलऱ्यांत माणसं आली. मित्र बुटांकडे बघत उभा होता.

मुलीचे वडील म्हणाले, “आम्हाला वाटलं, एक तर मुलगी पसंत नाही, नाहीतर घशाचा काही विकार आहे.”

“मला? घशाचा?” मामा म्हणाले आणि आत येऊन बसले. आसनस्थ व्हायला त्यांना वेळ लागला नाही. मग त्यांनी द्राक्षांचं सांगायला घेतलं: छाटणी, फवारणी, गारपीट आणि व्यापाऱ्यांची जात. मुलीचे वडील पाटीतले मणी खात ऐकत होते. एकदा त्यांच्या तोंडून “लय गोड हायेत” असं निघालं. निघाल्यावर त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आमच्यापैकीच कुणीतरी बोललं.

तेवढ्यात मुलगी आतून येऊन दारात उभी राहिली. मित्राकडे न बघता तिने विचारलं, “मामा, हे घरी तुमच्यासारखं बोलतात की त्या दिवशीसारखं?”

“बाई, त्या दिवशी कोण बोलून राहिलं व्हतं, ते मलाच कळंना.”

“मग चालेल,” ती म्हणाली. “मला वाटलं, जन्मभर बातम्या ऐकाव्या लागतात की काय.”

लग्न सायखेड्याला झालं. पंगतीत मामांचा आग्रह नदीपलीकडे ऐकू गेला असावा.

पुढे त्यांनी सातपूरजवळ फ्लॅट घेतला. ती तिचं बोलते, तो त्याचं बोलतो, आणि त्यांची पोरगी आजोळी एक नि सायखेड्याला दुसरं बोलून दोन्हीकडून कौतुक करून घेते. मी अधूनमधून डोकावतो. मित्र दार उघडून “ये भो, बस” म्हणाला तर मी रात्रीच्या जेवणापर्यंत थांबतो. पण कधी कधी दार उघडून तो म्हणतो, “आपण बसावे. मी चहा ठेवतो.”

मग आतून भांडी जरा जोरात वाजतात, आणि मी चपला न काढताच परत फिरतो.