दुधावरचं झाकण

आमच्या वाचनालयाने पहिला साहित्य मेळावा भरवला तेव्हा मी श्रीवर्धनात नवी सून होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण मूल होईपर्यंत आमच्याकडे सून नवीच धरतात. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं आणि आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. मेळावा तीन दिवसांचा. संध्याकाळी भाषणं नि कवितावाचन, आणि सकाळी शाळेत कथालेखनाचे वर्ग. शिकवायला पुण्याहून एक लेखक येणार होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वाचनालयाचे चिटणीस. त्यांनी हौसेने जाहिरातीत ‘स्त्रियांसाठीही’ असं छापून घेतलं. कागद गावभर चिकटवून झाले आणि एकाही बाईने नाव दिलं नाही. तेव्हा त्यांनी माझं नाव घातलं आणि मग मला सांगितलं.

मी वरवर आढेवेढे घेतले. आतून उकळ्या फुटत होत्या. लग्नाआधीपासून मी चोरून गोष्टी लिहीत असे आणि वह्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवत असे. आता चोरी राहणार नव्हती.

अडचण होती सासूबाईंची. माघ महिना, वाडीतली सुपारी वाळून तयार झालेली, आणि घरापुढच्या खळ्यात चार बायका सोलायला बसलेल्या. पाचव्या सासूबाई, सहावी मी. “जा हो,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वाट्याची सुपारी कुठं पळून जात नाही. दुपारी आहेच.” एवढ्यावर सुटले.

सासूबाईंचं एक सांगून ठेवते. त्यांना चूक सहन होत नसे. देवळात कीर्तनकाराने रामायणातला एखादा तपशील इकडचा तिकडे केला की बायकांतून ह्यांचा आवाज यायचा, “बुवा, चुकलंय.” बुवा हात जोडायचे, दुरुस्ती करायचे आणि पुढे जायचे. परगावचे कीर्तनकार त्यांना टरकून असत. आम्ही तर घरचेच.

वर्गात आम्ही नऊ जण होतो. पोस्टातले एक कारकून, दोन मास्तर, सुपारीच्या व्यापाऱ्यांची मुलं, आणि कोपऱ्यातल्या बाकावर मी एकटी बाई. लेखकांचा घसा बसलेला होता. लिमलेटची गोळी चघळत ते म्हणाले, “पाहिलेलं लिहा. वाचलेलं लिहू नका.” आम्ही माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वाचलेलंच लिहून आणलं. नऊ गोष्टींत सात बंगले निघाले. श्रीवर्धनात तेव्हा एकच बंगला होता, तोही सरकारी. कारकुनांच्या नायिकेला क्षय झाला होता, थोरल्या मास्तरांच्या नायिकेलाही. माझी नायिका ठणठणीत होती, पण ती नवऱ्याला सोडून मोटारीतून निघून जायची, चांदण्यात, रेशमी पदर वाऱ्यावर सोडून. एसटीखेरीज कुठल्या मोटारीत मी पाऊल ठेवलं नव्हतं.

लेखकांनी माझी वही परत देताना एवढंच विचारलं, “ही बाई कोण?” मी वही पदराखाली घेतली. उद्याचा दिवस शेवटचा होता. नवीन लिहून आणायचं, त्यातल्या तीन गोष्टी निवडायच्या आणि त्या संध्याकाळी साऱ्या गावापुढे वाचायच्या, असं ठरलं होतं. त्या तिघांत मला असायचंच होतं.

मी फणफणत घरी आले. माझी गोष्ट वाईट नाही, हे मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. म्हणून दुपारी खळ्यात वही काढली आणि बायकांना वाचून दाखवली. सुपारी सोलायला डोकं लागत नाही. साल काढायची, सुपारी टोपलीत टाकायची, हात आपोआप चालतात, आणि टोपलीत टकटक आवाज होत राहतो. नायिका रडली, टकटक चालू. नायिका मोटारीत बसली, टकटक चालू. गोष्ट संपली तशी चौघींतली वयस्क बाई खुशीत म्हणाली, “आजून वाचा, सूनबाय. काम कसं झपाझप व्हतंय.”

सासूबाई मात्र म्हणाल्या, “चुकलंय. घर सोडणारी बाई पदर वाऱ्यावर सोडते होय गं? ती पदर खोचते. आणि आधी भाकरी बांधून घेते.”

“वयनी, तुमाला काय म्हाईत?” एकीने हसत विचारलं.

“मला नाही तर कुणाला? मी गेलेय.”

सांगायला नको होतं, पण चूक दुरुस्त करायच्या नादात त्या बोलून बसल्या होत्या. आता मागे फिरता येईना.

“लग्नाला महिना झाला होता. सासूबाई देवळात, हे वाडीत शिंपण करायला. मी भाकरी बांधली, दोन लुगडी गाठोड्यात घातली नि निघाले बंदरावर. माहेर हर्णैच्या पुढं, बोट रोज असायची. मला कुणी मारलं नव्हतं, कुणी टाकून बोललं नव्हतं. हे तर बोलायचेच नाहीत. महिनाभरात एक शब्द नाही, गोड नाही की कडू नाही. म्हटलं, भिंतीशीच संसार करायचा तर माहेरच्या भिंती काय वाईट?”

“मंग?”

“निम्म्या वाटेवर आठवलं, दूध तापवून निवायला ठेवलंय, त्यावर झाकण नाही. मांजर तोंड घालेल. परत आले, झाकण ठेवलं. पुन्हा बंदरावर पोचते तर माणसं घेऊन पडाव खोल पाण्यातल्या बोटीकडे वल्हवत गेलेला. घरी आले. संध्याकाळी हे वाडीतून आले, मी दूध दिलं, ते प्याले. झालं.”

मग माझ्या लक्षात आलं की टकटक बंद झाली होती. सगळ्यांचे हात थांबले होते. वयस्क बाई सोललेली सुपारी मुठीत धरून तशीच बसली होती. लेखकांनी दोन दिवस घसा फोडून जे सांगितलं, ते मला त्या थांबलेल्या हातांनी एका क्षणात समजावलं.

सासूबाई भानावर आल्या. “हे खळ्याबाहेर गेलं तर याद राखा. यांनाही ठाऊक नाही. तीस वर्षं झाली.” बायकांनी हातातल्या सुपारीची शपथ घेतली. मीही घेतली.

आणि संध्याकाळपर्यंत ती मोडली. सरळच सांगते, मला तेव्हा सासूबाईंच्या विश्वासापेक्षा टाळ्या हव्या होत्या. मी गाव बदललं, नवऱ्याला मास्तर केलं, सुपारीच्या जागी आंबे घातले. पदर खोचला, भाकरी बांधली, सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. शेवटाशी मात्र माझा धीर सुटला. साहित्यात दूध कसं आणायचं? म्हणून माझी नायिका परत फिरली ती पतीचा प्रेमळ चेहरा आठवून. लेखकांनी सकाळी वाचलं आणि म्हणाले, “ही बाई खरी आहे. परत का फिरली ते मात्र पटत नाही.” तरी त्यांनी गोष्ट निवडली. शेवट बदलायला मी तयार नव्हते.

सासूबाई वाचनालयाच्या कार्यक्रमांना कधीच येत नसत, त्यावर माझी सगळी भिस्त होती. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मी माझी पानं घेऊन उभी राहिले आणि पाहते तर बायकांत दुसऱ्या रांगेत सासूबाई, त्यांच्या मागे आमच्या सोलणाऱ्या चौघी. मामंजी स्वतः त्यांना म्हणाले होते, सून वाचणार आहे, चल. एरवी न बोलणारा माणूस नेमका त्याच दिवशी बोलला. ते स्वतः मंचावर, कडेच्या खुर्चीत बसले होते. दुसरी गोष्ट जवळ नव्हती आणि पळायला जागा नव्हती. मी वाचायला लागले.

भाकरीपाशी सोलणाऱ्या चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाईंकडे मी मुळी पाहिलंच नाही. लोक ऐकत होते, आणि मी कशीबशी शेवटाला आले. पतीचा प्रेमळ चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, तिचे डोळे भरले आणि ती माघारी वळली. टाळ्या सुरू होणार, एवढ्यात आवाज आला.

“चुकलंय! चेहरा बिहरा काही आठवला नाही. दुधावर झाकण ठेवायचं राहिलं होतं.”

लोक खदखदून हसले. मग हसणं एकाएकी विरलं, कारण बोलणारीने तोंडावर पदर घेतला होता आणि सारं गाव तिला ओळखत होतं. मामंजी मंचावर पायांकडे बघत बसले. लेखक उठले, माझ्या हातातलं शेवटचं पान घेतलं, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि बसलेल्या घशाने म्हणाले, “शेवट त्यांचा.” टाळ्या पडल्या, खूप पडल्या. त्यांतली एकही माझी नव्हती, आणि मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी जाऊन सासूबाईंच्या पाया पडले. म्हटलं, “आई, मी शपथ मोडली. आता पुन्हा लिहिणार नाही.”

“मोडलीस ती मोडलीस,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. “पण दुधाचं लिहायला लाज वाटली होय गं तुला? इतकं सांगून शेवटी खोटंच लिहिलंस. आता लिहिणार नाही म्हणतेस, म्हणजे ते खोटंच राहायचं की.” आणि मला खळ्यात पिटाळलं.

सोलणाऱ्या बायका आल्या होत्या, खाली माना घालून काम करत होत्या. सासूबाई येऊन बसल्या. थोड्या वेळाने मामंजी आले. सोलणीच्या वेळी ते खळ्यात कधी फिरकत नसत. त्यांनी पाट ओढला, सासूबाईंच्या समोर बसले, एक सुपारी उचलली आणि सोलायची सोडून नुसती हातात फिरवत राहिले.

“मला तेव्हा बोलायचं सुचायचं नाही,” ते म्हणाले.

“ते कळलं मला. मागाहून.”

टकटक चालू होती. मामंजींनी सुपारी टोपलीत ठेवली.

“बोट दुसऱ्या दिवशीही होती,” ते म्हणाले.

सासूबाई मान वर न करता म्हणाल्या,

“दुसऱ्या दिवशीही दूध होतं.”

खळ्यातले सगळे हात थांबले. सासूबाईंचेही.