फादर विसरले ती ओळ

बुधवारची रुग्णांसाठीची प्रार्थना आधीच रेकॉर्ड केलेली असते, हे मला स्टुडिओत उभं असताना कळलं, आणि मला इतका धक्का बसला की मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर निघून आले. आमच्या घरी बुधवारी दुपारी माय टीव्हीसमोर पाण्याचा तांब्या ठेवते. पडद्यावरचे फादर हात वर करतात तेव्हा ती डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकते आणि नंतर ते पाणी आम्हा सगळ्यांना घोटघोट देते. फादर त्याच वेळी तिकडे उभे राहून आमच्यासाठी मागतात, असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होते, तरीही.

कॉलेजात एखाद्या प्रसारमाध्यमाचा इतिहास आणि त्याचे कार्यक्रम यांवर प्रकल्प करायचा होता. मी आमच्या मराठी कॅथलिक वाहिनीचा विषय घेतला, कारण आमच्या घरात दुसरं काही लागतच नाही. छावणीकडच्या एका जुन्या बंगल्यात तिचा स्टुडिओ आहे. तिथं एडिटिंग करणाऱ्या संगीताताईंनी मला सगळं मनापासून सांगितलं. सुरुवातीला दोन फादर मोटारसायकलवर टीव्ही बांधून गंगापूर-वैजापूरकडच्या वस्त्यांवर जायचे आणि देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीपाशी भजनांच्या कॅसेटी लावायचे. मग रविवारी केबलवर तासभर जागा मिळाली. टाळेबंदीत देवळं बंद झाली तेव्हा लोक मिस्सेच्या उपासनेसाठी रडायला लागले आणि त्यातून ही दिवसभराची वाहिनी उभी राहिली. सकाळी मिस्सा, दुपारी रोजरीची जपमाळ, मुलांसाठी बायबलच्या गोष्टी, आणि बुधवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना. "मिस्सा तेवढी रोजची रोज," ताई म्हणाल्या. "बाकीचं आधीच करून ठेवावं लागतं. माणसं किती आहेत आमच्याकडं? मी, कॅमेरावाला आणि देव."

त्या दिवशी बुधवारच्या प्रार्थनेच्या रेकॉर्डिंगसाठी एक पाहुणे फादर आले होते. सत्तरीच्या पुढचे, सावकाश बोलणारे. येशूने शिकवलेली प्रार्थना ते म्हणत होते. 'आमची रोजची' इथवर आले आणि थांबले. पुढचं आठवेना. लहान पोराला येते ती प्रार्थना, आणि फादर दिव्यांच्या उजेडात ओठ हलवत नुसतेच उभे राहिले. शेवटी ताईंनी हळूच सांगितलं, "फादर, परत घेऊ. हा तुकडा मी काढून टाकते. टीव्हीवर अशी शांतता चालत नाही, लोकांना वाटतं सेट बिघडला." फादर मान खाली घालून हो म्हणाले.

गावी गेल्यावर मी मायला भीतभीतच सांगितलं की बुधवारची प्रार्थना आधीच रेकॉर्ड केलेली असते. ती कापूस वेचून आली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काय झालं? पेरलं त्या दिशीच उगवतं व्हय?" माझे वडील, अप्पा, खो खो हसले. "जाय, तुझ्या सरांना इचार ह्ये," मला म्हणाले. पण माझं समाधान झालं नाही. त्यानंतर प्रार्थनेला बसले की मला कॅमेरा दिसायचा.

आणि मग हर्सूलहून फोन आला. अप्पा तिथं एका बांधकामावर गवंडीकाम करत होते. विटा रचता रचता ते खाली बसले आणि त्यांना बोलताच येईना. सरकारी दवाखान्यात मी पोचले तोवर उजवा हात लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं. त्यांनी मला ओळखलं. तोंड उघडलं. नुसता घोगरा आवाज आला. त्यांच्या डोळ्यांत जी भीती मी पाहिली ती मला लिहिता येत नाही. गावच्या देवळात फादर येत नाहीत त्या रविवारी प्रार्थना सांगणारा माणूस हा. त्यांचा आवाज आमच्या वस्तीला ओळखीचा. पुढचे दिवस तसेच गेले. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचलाय. बोलण्याचं मात्र आत्ताच सांगता येत नाही." मी कॉरिडॉरमध्ये जाऊन देवाजवळ मागायचा प्रयत्न केला. शब्द यायचे, पण ते माझे वाटत नव्हते.

बुधवार आला तशी माय म्हणाली, "मोबाइलवर लाव ना आपली प्रार्थना. अप्पाला ऐकू दे." माझ्या मोबाइलचं नेट संपलं होतं. खरं तर मला थोडं बरंच वाटलं. पण शेजारच्या खाटेपाशी सिल्लोडचे एक चाचा बसले होते, त्यांच्या भावाला तिथं ठेवलं होतं. त्यांनी आपला मोबाइल पुढं केला. "लो बेटी, मेरा नेट चल रा. दुआ है ना? लगाव, हमारे भाईजान भी सुन लेंगे."

लावलं, तर पडद्यावर तेच पाहुणे फादर. मी मोबाइल अप्पांच्या उशाशी धरला. माय तोंडातल्या तोंडात सोबत म्हणत होती. 'आमची रोजची' आलं, आणि फादर थांबले.

मला वाटलं नेट अडकलं. मग फादरांच्या पापण्या हलताना दिसल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. काढून टाकायचा तोच तुकडा होता हा. कापलाच नव्हता. मायही गोंधळून गप्प झाली. आमच्याकडं एक रीत आहे. देवळात कोणी प्रार्थनेत अडखळलं तर ती तुटू द्यायची नाही, जवळच्यानं लगेच पुढचा शब्द उचलायचा. अप्पांनी जन्मभर हेच केलं होतं.

"भाकर," अप्पा म्हणाले.

जाडसर, ओला, पण स्पष्ट शब्द. आणि त्यामागून उरलेली सगळी प्रार्थना, तुटत तुटत, आमेनपर्यंत. मोबाइल माझ्या हातातून गादीवर पडला. मायचा हात तोंडावर गेला तो खाली येईना. चाचा उठून उभे राहिले. "या अल्ला," एवढंच म्हणाले. आणि अप्पा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दचकले होते. स्वतःचाच आवाज कुठून आला ते शोधत असल्यासारखे ते इकडेतिकडे पाहत होते.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या जागी टिकून राहतं, असं कधी कधी होतं. माय म्हणाली, "कुठं का राहीना साहेब, हाय नं?" डॉक्टर हसले. मीही यावर वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की तो शब्द त्या रिकाम्या जागेत आला, आणि ती जागा खरं तर कापून टाकलेली असायला हवी होती.

मी संगीताताईंना सांगायला गेले तर त्या रडून बसल्या होत्या. चुकीची फाइल लागली होती. कार्यक्रम लागल्यापासून तक्रारी येत होत्या, वरून बोलणी बसली होती. माझं ऐकून त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी पाहुण्या फादरांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "बाळ, मी आता कोणापुढं प्रार्थना सांगायची नाही असं ठरवलं होतं. हल्ली फार विसरायला होतं. कोणत्या वॉर्डात आहेत वडील?"

दुसऱ्या दिवशी ते शहर बसनं आले. अप्पांच्या खाटेशी स्टुलावर बसले, त्यांचा पडलेला हात आपल्या हातात घेतला आणि दोघांनी मिळून प्रार्थना म्हटली. फादर दोनदा अडले, अप्पांनी शब्द दिला. अप्पांची जीभ वळेना तिथं फादर थांबून राहिले. कोणीच घाई केली नाही.

अप्पा आता घरी आहेत. अजून त्यांना पाणी मागता येत नाही, माझं नावही घेता येत नाही. येईल की नाही, ठाऊक नाही. पूर्वी मी देवाला काय हवं ते नीट जुळवून सांगायचे. आता तेवढं धाडस होत नाही. मी सुरुवात करते, आणि मला येत नाही तिथं थांबते. जे मिळालं त्याचे आभार मानायलाच माझे शब्द पुरत नाहीत.