लाल पागोट्याचा माणूस

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र वेगळी राहिली. तिच्यात मी आधी चुकलो, मग चूक निस्तरली, आणि दोन्ही एकाच दिवशी.

माझ्या निवृत्तीआधीची ती शेवटची दिवाळी. बीडला रेल्वे नुकतीच आली होती आणि जिल्ह्याला तिचं वेड लागलं होतं. सुट्टीत मुलांसाठी एक खास गाडी सोडली होती. इंजिनाला झेंडूच्या माळा, डब्यांत आकाशकंदील, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. गावोगावचे आजोबा नातवंडांना एसटीत घालून आणायचे आणि स्टेशनावर जत्रा भरायची.

साडेदहाच्या सुमारास वडवणीकडचे एक आजोबा धापा टाकत ठाण्यात आले. नात सात वर्षांची, नातू पाच वर्षांचा. मुलगा-सून पुण्याला, मुलं सुट्टीला यांच्याकडे आलेली. दोन्ही मुलं स्टेशनावरून बेपत्ता.

ठाणे अंमलदारानं विचारलं, "कुणी नेली? पाहिलंत का त्याला?"

"बगितलं की. लाल पागोटं हुतं. खांद्यावर घोंगडं. दोनी पोरं हाताला धरून पालीच्या अंगाला गेला."

मुलाला त्यांनी आधीच फोन केला होता. तो पुण्याहून निघाला होता आणि दर पाच मिनिटांनी आम्हाला फोन करत होता. लहान मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा दाखल करायचा, हा नियम. मी तो केला. कंट्रोल रूमला कळवलं, वर्णन वायरलेसवर दिलं, नाकाबंदी लावली. वीस मिनिटांत सगळं झालं आणि खरं सांगतो, मी स्वतःवर खूश होतो. ते वर्णन गावागावांतल्या मोबाइलवर कसं आणि कुणी पोचवलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तासाभरानं पाली गावाच्या अलीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. "साहेब, तुमचा मानूस घावलाय. लाल पागोटं, घोंगडं, संगं दोन पोरं. लोकांनी धरून ठिवलाय. लवकर या, लोकं लई तापलेत."

मी स्वतः जीप घेऊन गेलो. पन्नास-साठ माणसं, मधोमध एक म्हातारा मेंढपाळ. ओठ फुटलेला, सदरा फाटलेला, पागोटं मातीत. त्याच्या धोतराला दोन पोरं घट्ट बिलगलेली आणि दोन्ही "आज्या, आज्या" म्हणून रडत होती. पळवून आणलेली पोरं चोराला असं धरत नाहीत. आणखी अर्धा तास उशीर झाला असता, तर मला पंचनामाच करावा लागला असता.

तिघांना ठाण्यात आणून वडवणीच्या आजोबांपुढं उभं केलं. "हाच का?"

आजोबांनी एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली. "ह्यो न्हाई."

"पण पागोटं हेच, घोंगडं हेच. दिशासुद्धा हीच सांगितलीत तुम्ही."

मग मी त्यांना माझ्या खोलीत नेलं, चहा मागवला आणि हवालदाराला बाहेर पाठवलं. अशा वेळी दरडावून काही निघत नाही. माणसाकडे नीट बघत बसावं लागतं. मी बघत बसलो. मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे, नातवंडं चोरीला गेलेला हा माणूस सारखा भिंतीवरचं घड्याळ पाहत होता आणि संध्याकाळची गाडी कितीला येते, हे त्यानं हवालदाराला दोनदा विचारलं होतं. दुसरं म्हणजे, कपाळावरचा घाम तो हातानं पुसत होता. आमच्याकडचा त्या वयाचा माणूस खांद्यावर टॉवेल टाकल्याशिवाय तालुक्यालासुद्धा जात नाही.

"बाबा, टॉवेल कुठाय तुमचा?"

त्यांचा हात आपोआप खांद्यावर गेला, तिथंच थांबला आणि म्हातारा ढसाढसा रडू लागला.

टॉवेल गाडीत होता. एसटीत खिडकीतून टॉवेल टाकला की जागा आपली, ही आमच्या जिल्ह्याची जुनी रीत. आजोबांनी सजवलेल्या गाडीच्या खिडकीच्या गजांतून टॉवेल आत सारला, मुलांना दारातून चढवून त्यावर बसवलं आणि "कुनी आलं तरी उठायचं न्हाई" असं बजावलं. मग कळलं की आत कंडक्टर नसतो, तिकीट खिडकीवर काढावं लागतं. ते रांगेत उभे राहिले. माणूस खाली राहिलाय म्हटल्यावर एसटी थांबते. ही गाडी थांबली नाही.

"मग खोटं का सांगितलं?"

"पोराला कसं सांगू, साहेब, मीच ठिवून आलो म्हनून? आदीच सून म्हन्ती, खेड्यात धाडायची न्हाई पोरं. परत कवाच धाडायची न्हाईत. म्हटलं, सांजच्याला गाडी माघारी येतीया, पोरंबी येतील."

"आणि पागोटेवाला?"

"तुमच्या मान्सानं इचारलं, बगितलं का त्याला? तिकिटाच्या रांगेतून ह्यो म्हातारा दिसलता. गाडी बगून पोरं घिऊन चाललता. त्येच सांगितलं."

मी रेल्वे पोलिसांना फोन लावला. गाडी शेवटच्या स्टेशनात पोचली होती. पाच मिनिटांत मुलं सापडली, पण खाली उतरेनात. सगळा डबा रिकामा झाला तरी नात टॉवेलावरून उठायला तयार नव्हती. "आबांनी जागा सोडू नको सांगितलंय," हे एकच पालुपद. शेवटी तिथल्या महिला शिपायानं फोन तिच्या कानाला लावला. इकडे आजोबा हुंदके देत म्हणाले, "सोड गं माजे बाई, सोड ती जागा." तेव्हा ती उतरली. ठाण्यात सगळे हसले. मीही हसलो.

या केसनं शिकवलं ते एवढंच. खोटं बोलणारा माणूस नवा चेहरा रचत बसत नाही. नुकताच पाहिलेला पुढं करतो. आणि साधा माणूस गुन्ह्यापेक्षा लाजेपायी जास्त खोटं बोलतो. "कुणी नेली?" हा प्रश्न आम्ही विचारला आणि आम्हीच त्यांच्या हातात चोर दिला. "काय झालं?" असं विचारायला हवं होतं.

आजोबांवर खोटी माहिती दिल्याची कारवाई करता आली असती. त्याऐवजी मी त्यांना मेंढपाळापुढं नेलं. त्यांनी हात जोडले. मेंढपाळ पागोट्याची माती झटकत राहिला.

मी त्याला म्हणालो, "ज्यांनी मारलं त्यांची नावं सांगा. आत्ता तक्रार लिहून घेतो."

"नगं, साहेब. परवा त्यांच्याच रानात खताला मेंढरं बसवायचीत."

"मग मी तुमच्यासाठी काय करू?"

त्यानं बाकावर शेजारी बसलेल्या दोन्ही नातवंडांकडे पाहिलं. "ह्यांनी बगितलंय मला चोर म्हनून मार खाताना. मी सांगून ह्यांना पटायचं न्हाई. तुमी सांगा. टोपी घालून सांगा."

मी खोलीत गेलो, टोपी घातली, पट्टा सारखा केला आणि त्या दोघांपुढं येऊन उभा राहिलो. "तुमचा आजा चोर नाही. त्यानं काहीच केलेलं नाही."

धाकट्यानं नाक पुसलं आणि सरळ माझ्याकडं बघत विचारलं, "मंग त्याला मारलं कावून?"

माझ्या मागं सगळं ठाणं उभं होतं. "मी तसं सांगितलं होतं म्हणून," मी म्हणालो.